‘ओळखलंस का मला?’ : ‘अस्तु’ आणि आखाजीची वाट पाहणारी आजी

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. दुसऱ्या लाटेचे दिवस होते. फोनवर रोज कुणाच्या तरी जाण्याची बातमी यायची, त्यामुळे कुठल्याच बातमीपाशी मन फार वेळ थांबत नव्हतं. मी तेव्हा वर्षभर जळगावच्या घरी होतो. कंपनी हिंजवडीत, मी गच्चीलगतच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि खाली पुढच्या खोलीत आमची आजी. तिला स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली होती. भावे यांच्यावर जे लिहून येत होतं त्यात ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘कासव’ ही नावं पुन्हा पुन्हा येत होती. त्यांतच ‘अस्तु’ होता. विषय एका ओळीत लिहिलेला : अल्झायमर झालेले वडील आणि त्यांची मुलगी. त्या रात्री मी तो पाहिला. सिनेमा म्हणून तो कसा आहे याच्याशी मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात जे चाललं होतं त्याचं उत्तर त्यात कुठे सापडतं का, एवढंच बघायचं होतं. समीक्षेची ही काही योग्य सुरुवात नाही. पण या सिनेमाकडे मी दुसऱ्या वाटेनं गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

‘अस्तु’ २०१३ सालचा. दिग्दर्शन भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचं. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संवादांसाठी भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना पुरस्कार मिळाला. तरीही चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडलं. गोष्ट साधी आहे. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. थोरली मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीतून घेऊन निघालेली असते. वाटेत कामासाठी ती उतरते, वडिलांना गाडीतच बसवून. रस्त्यानं हत्ती चाललेला असतो. शास्त्री उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. इकडे शोधाशोध, पोलीस, नातेवाईक, जुन्या आठवणी. तिकडे शास्त्री माहुताच्या बिऱ्हाडी पोचतात आणि माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना सांभाळते.

मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पण त्यांच्या कामात डॉक्टरचं ज्ञान मिरवलेलं कुठे दिसत नाही. मला सगळ्यांत ओळखीची वाटली ती त्यांची नजर. समोरचा माणूस काहीतरी विचारतो आहे, आपल्याकडून उत्तराची अपेक्षा आहे, आणि ते उत्तर आपल्याकडे असायला हवं होतं, एवढं कळणारी नजर. हीच नजर मी रोज खाली पाहत होतो.

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढता आजीला विचारायचा, “ओळखलंस का मला?” जवळचा असेल तर पुढे, “सांग बरं, मी कोण?” प्रेमानं विचारायचे. आजी हसायची आणि म्हणायची, “न ओळखायला काय झालं?” पाहुणा खूश. तिनं नाव घेतलेलं नाही हे फक्त आईच्या आणि माझ्या लक्षात यायचं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणसं किती शिताफीनं वेळ मारून नेतात, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. हा आजार कुणाला सांगायची वेळ आली की आमच्याकडे शब्दही नव्हता. ‘साठी बुद्धी नाठी’ होतं, ‘म्हातारचळ’ होता. दोन्ही शब्दांत थोडी थट्टा आहे आणि थोडा आरोप.

‘ओळखलंस का?’ हा प्रश्न गप्पांचा नाही, परीक्षेचा आहे. डॉक्टरांकडे त्या परीक्षेला रीतसर रूप आहे. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी एक छोटी चाचणी असते : आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करत जा. आजी दोन इयत्ता शिकलेली. शंभरातून सात तिनं ऐन तारुण्यातही वजा केले नसते. निरक्षर आणि खेड्यातल्या वृद्धांना ही चाचणी लागू पडत नाही म्हणून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात हिंदीत वेगळी चाचणी बेतावी लागली होती. म्हणजे परीक्षेतही आधी ठरवावं लागतं की समोरचा माणूस कोण होता. दवाखान्यात ही चाचणी निदानासाठी असते, एकदा होते आणि संपते. आम्ही घरी ती दिवसभर घेत होतो.

मी त्यातला सर्वांत वाईट परीक्षक. इंजिनिअर असल्यामुळे मला वाटलं, नीट नोंदी ठेवल्या तर काहीतरी पॅटर्न दिसेल. मी एक्सेलची शीट केली. चार रकाने : वेळ, आजीचा प्रश्न, आमचं उत्तर, पुढे काय झालं. बारा दिवस भरली. पॅटर्न दिसलाही. बहुतेक प्रश्न साडेपाच ते साडेसातच्या मध्ये होते. दिवेलागणीला अशा रुग्णांची बेचैनी वाढते हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. आणि सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता : “भाऊ उना का?” भाऊ आला का?

इथे थोडं आजीबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या बाजूला. जळगावहून सुरतेकडे जाणारी रेल्वे धरणगाव, अमळनेर, नरडाणा करत शिंदखेड्याला जाते. या रेल्वेनं तिचा भाऊ आखाजीला तिला न्यायला यायचा. खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी : आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्याकडे तो सोनंखरेदीचा मुहूर्त नव्हता. लेकी माहेरी येण्याचा तो सण. भर उन्हाळ्यात झाडांना झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खायचा. मुराळी कधी येतो, याकडे सासुरवाशिणीचे डोळे महिनाभर लागलेले. आजीच्या डोक्यात आता बारा महिने आखाजी होती.

तिचा भाऊ १९९८ साली वारला. माझ्या शीटमध्ये ‘आमचं उत्तर’ या रकान्यात लिहिलेलं आहे : ‘मामा वारले असं सांगितलं.’ पुढच्या रकान्यात : ‘रडली.’ ही नोंद अकरा वेळा आहे. सहाव्या-सातव्या वेळेपासून मी तो शब्द टाइपही करत नव्हतो, वरच्या ओळीतून खाली कॉपी करत होतो. प्रत्येक वेळी तिच्यासाठी भाऊ तेव्हाच, त्या मिनिटाला मेलेला असायचा. माहिती चुकीची होती, मी ती दुरुस्त करत होतो. आईनं मला दोनदा सांगितलं होतं, “कशाला सांगतोस रे तिला?” मी म्हणालो होतो, “खोटं बोलायचं का मग?”

‘अस्तु’नं मला या जागी पकडलं.

चन्नम्माला शास्त्री कोण आहेत हे माहीत नाही. ते विद्वान आहेत, त्यांनी ग्रंथ वाचले आहेत, त्यांच्या हाताखालून विद्यार्थी गेले आहेत, यांतलं काही तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून तिला त्यांच्यात काही हरवलेलंही दिसत नाही. इरा वडिलांकडे पाहते तेव्हा तिला दोन माणसं दिसतात, समोरचा आणि पूर्वीचा, आणि दर क्षणी ती त्या दोघांची तुलना करते. चन्नम्माला एकच दिसतो : भुकेलेला, थकलेला, घाबरलेला, हत्तीवर जीव जडलेला एक म्हातारा. तिची भाषा त्याला येत नाही, त्याचं संस्कृत तिला कळत नाही. तरी सिनेमातला सर्वांत मोकळा संवाद या दोघांचा आहे. तो शब्दांच्या अर्थावर चाललेला नाही. आवाजाचा चढउतार, हाताचा स्पर्श, घास, ‘बस इथे’ अशी खूण, यांवर चाललेला आहे.

‘अस्तु’वर जे चांगलं लिहिलं-बोललं गेलं त्यात इथवरचं बहुतेक येतं. मला यापुढे दोन हरकती घ्यायच्या आहेत, आणि मग त्यांतली एक मागे घ्यायची आहे.

पहिली हरकत. ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ हे आपलं आवडतं वचन, आणि ‘अस्तु’ त्याच्या फार जवळून जातो. शास्त्री मुलासारखे होतात, चन्नम्मा आईसारखी होते, आणि प्रेक्षक डोळे पुसतो. पण टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९७च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात रुग्णाचं माणूसपण झिजवणाऱ्या वागण्यांची एक यादी केली आहे. ही वागणी दुष्टपणातून येत नाहीत, प्रेम करणाऱ्या माणसांकडूनच नकळत होतात, असं तो बजावतो. त्या यादीत माणसाला लहान मूल समजणं आहे. त्याचं म्हणणं नाकारणं आहे. आणि त्याला फसवून काम भागवणंही आहे. म्हणजे मी ‘मामा वारले’ म्हणालो तरी यादीत सापडतो आणि ‘येतोय भाऊ, झोप तू’ म्हणालो तरी सापडतो. मग बोलायचं काय?

याच प्रश्नावर काम करणाऱ्या नाओमी फाइल यांनी १९६०च्या दशकापासून अमेरिकेत वृद्धांसोबत राहून एक पद्धत घडवली. तिचा गाभा असा : वाक्यातली माहिती खरी की खोटी हे सोडून द्या, त्यामागची भावना खरी आहे, तिच्याशी बोला. भाऊ आला का, या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायची सक्ती नाही. भाऊ कसा होता, असं विचारता येतं. ऐकायला हे सोपं आहे. संध्याकाळी सहा वाजता, मीटिंग चालू असताना, तोच प्रश्न नवव्यांदा आला की सोपं नसतं.

पण या चष्म्यातून ‘अस्तु’ पुन्हा पाहिला तेव्हा माझी हरकत ढिली पडली. चन्नम्मा त्यांना मूल करत नाही. शास्त्रीच तिला आई करतात. नातं कुठलं हे ते ठरवतात आणि ती ते मान्य करते, एवढंच. हा फरक बारीक आहे, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. लहान मूल समजणारा माणूस आपल्या मनातली भूमिका रुग्णावर लादतो. चन्नम्मा रुग्णाच्या मनातली भूमिका स्वतः घेते. भावे-सुकथनकर हे कुठेही बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे ते सहज निसटतं.

मलाही एकदा अशी भूमिका मिळाली होती. सिनेमा पाहिल्याला आठवडा झाला असेल. आजीनं दारातून येताना मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “उना का भाऊ?” ती मलाच म्हणाली. “बठ. जेवना का?” मी तिच्याजवळ खाटेवर बसलो. या वेळी दुरुस्ती करायची नाही, एवढं ठरवलेलं होतं. म्हणालो, “हां, जेवना.” ती माझ्या हातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “माय कशी शे?” आणि माझी अहिराणी तिथे संपली. माझ्या तोंडून आलं, “आई बरी आहे, तुझी आठवण काढते.” आजीनं हात काढून घेतला. माझ्याकडे बघत राहिली. तिचा भाऊ असं बोलला नसता. तालुक्याहून आलेला कुणी साहेब तिच्या खाटेवर बसला होता.

हसू येण्यासारखा प्रसंग आहे आणि मी तो मित्रांना सांगून हसलोही आहे. पण त्यातून माझी दुसरी हरकत निघते, आणि ती मी मागे घेतलेली नाही.

‘अस्तु’मध्ये शास्त्रींची ओळख पुसत जाते, पण संस्कृत राहतं. श्लोक येतात. लहानपणी पाठ केलेलं खोल रुतलेलं असतं, त्यामुळे हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्युल रिबो यानं १८८१ मध्येच मांडलं होतं की विस्मरण नव्याकडून जुन्याकडे सरकत जातं. शेवटी मिळवलेलं आधी जातं. पण प्रेक्षक म्हणून आपल्याला काय वाटतं ते बघा. म्हाताऱ्याच्या तोंडून श्लोक आला की आपण हळहळतो : केवढं ज्ञान होतं या माणसाकडे! तो श्लोक त्याच्या मोठेपणाचा पुरावा ठरतो. आजीचं मराठी नव्याकडून जुन्याकडे सरकत गेलं तेव्हा खाली अहिराणी उरली. आणि आमच्या घरात ती हळहळीची गोष्ट ठरली नाही, संकोचाची ठरली. पाहुण्यांसमोर ती अहिराणीत बोलायला लागली, त्यातली एखादी कचकचीत शिवी आली, की आत्या घाईनं म्हणायच्या, “हल्ली काहीही बोलते.” ती काहीही बोलत नव्हती. नीट व्याकरणशुद्ध अहिराणी बोलत होती. विसरण्यातसुद्धा भाषांची उतरंड कायम राहते. संस्कृतपर्यंत घसरलेला माणूस ऋषीसारखा दिसतो, अहिराणीपर्यंत घसरलेली बाई बरळणारी ठरते.

२०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली मोजलेले सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. त्यांत माझं नाव नसणार. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ‘शुद्ध बोल’ हे मला सर्वांत जास्त वेळा आजीनंच सांगितलं. जळगावात आल्यावर तिनं स्वतः प्रयत्नपूर्वक पुस्तकी मराठी शिकून घेतली होती. ‘शे’चं ‘आहे’ केलं, ‘माले’चं ‘मला’ केलं, नातवाला बाई ओरडू नयेत म्हणून. नातू इंजिनिअर झाला. आणि तिला तिच्या भावाची गरज पडली तेव्हा तिच्याजवळ बसून चार वाक्यं बोलण्याएवढी भाषा त्याच्याकडे नव्हती.

आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या ताई शिरपूरकडच्या. त्यांना ती भाषा होती. पोछा मारता मारता त्या आजीशी बोलायच्या. पाऊस, ढोरं, वावर, कुणाच्या लग्नात काय झालं. आजी म्हणायची भाऊ येणार आहे, त्या विचारायच्या काय आणणार आहे. आजी म्हणायची आंबे. त्या म्हणायच्या मला दोन ठेव. वीस मिनिटं हे चालायचं आणि त्या वीस मिनिटांत आजी आजारी नसायची. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्हाला हे कसं जमतं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

चन्नम्मा माझ्यासाठी पडद्यावरून खाली उतरली ती अशी. पण म्हणूनच सांगायला हवं की ताई वीस मिनिटांनी घरी जायच्या. रात्री दोनला आजी उठून कडी काढायला लागायची तेव्हा आई उठायची. चन्नम्माकडेही शास्त्री थोडाच वेळ आहेत. ‘अस्तु’ तिला कृपाळूपणा देतो आणि इराला अपराधभाव. हे वाटप मला अन्यायाचं वाटतं. अनोळखी माणसाला आजचा दिवस पुरतो. घरच्याला उद्याचाही काढायचा असतो आणि कालचाही विसरता येत नाही. चन्नम्मा सहज वागू शकते कारण तिचं काही गेलेलं नाही. इराचे वडील गेलेले आहेत आणि समोर बसलेलेही आहेत. तिच्याकडून चन्नम्माच्या सहजतेची अपेक्षा करणं म्हणजे तिचा शोक रद्द करणं.

अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ हा हिंदी चित्रपट २०२३ मध्ये आला, तो मी मुद्दाम याच्या शेजारी ठेवून पाहिला. त्यात शैलजा (शेफाली शाह) हिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. तिला अजून सगळं कळतं आहे आणि कळेनासं होणार आहे हेही कळतं आहे. ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, जिथे तिचं लहानपण गेलं. ‘अस्तु’त रुग्णाबद्दल बाकीचे बोलतात, इथे रुग्ण स्वतः बोलते, हा या सिनेमाचा मोठा गुण. आणि नवरा (स्वानंद किरकिरे) तिला फारसं काही न विचारता सोबत राहतो, हेही मला फार खरं वाटलं. पण शैलजाला तिकीट काढून जाता येतं. वेंगुर्लं जागेवर आहे. आजीला जिथे जायचं होतं त्या गावात आम्ही तिला एकदा गाडी करून नेलंही, एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला आणि पुढे. भावाच्या नातवंडांनी दारात येऊन विचारलं, “ओळखलंस का आजी?” तिनं घराकडे पाहिलं आणि पप्पांना म्हणाली, “चाल, घर चाल.” अशा रुग्णांच्या ‘मला घरी जायचंय’ला पत्ता नसतो, हे वाचलेलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

दोन्ही चित्रपटांतले रुग्ण शिकलेले, नोकरी केलेले, शहरातले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा आहे की भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. म्हणजे या आजाराचा सरासरी चेहरा चक्रपाणी शास्त्रींपेक्षा माझ्या आजीच्या जवळचा आहे. कलाकृतीनं सरासरीच दाखवावी असं माझं म्हणणं नाही. पण विद्वानाचं विस्मरण ही शोकांतिका आणि खेडुत बाईचं विस्मरण हा म्हातारचळ, असं आपल्या मनात असेल, तर ते बदलायला ‘अस्तु’ पुरत नाही. त्यासाठी ज्या माणसानं कधीच श्लोक पाठ केले नाहीत त्याच्याजवळ कॅमेरा घेऊन बसावं लागेल.

माझ्या जिल्ह्यात हे एकदा झालेलं आहे, कॅमेऱ्याशिवाय. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहू-वाचू शकत नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या जे गात ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या एका आप्तानं लिहून घेतलं. त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांपर्यंत ते पोचलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, त्यांच्याच बोलीत. ती लेवा गणबोली, आजीची अहिराणी नव्हे, पण पुस्तकी मराठीपासून दोघीही दूर. २०१८ पासून इथल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. आम्ही सगळ्यांनी त्या कविता मार्कांसाठी पाठ केल्या. छापलेल्या ‘अशुद्ध’ मराठीपुढे हात जोडायचे आणि घरातल्या आजीला ‘नीट बोल’ म्हणायचं, हे आमच्या पिढीनं एकाच वयात केलं. सोपानदेवांचं मोठेपण कवी म्हणून असेल ते असो. आईचं बोलणं दुरुस्त न करता ऐकणारा मुलगा म्हणून मला ते जास्त मोठे वाटतात.

२०२१ ची आखाजी १४ मे रोजी होती. आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात, घरातल्या गेलेल्यांच्या नावानं. लेकी माहेरी येतात आणि पितरही येतात, असा तो सण आहे. पप्पा आजोबांच्या नावाची घागर पुजत होते. आजीनं विचारलं, “भाऊ उना का?” पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंकडून मी तोवर थोडं शिकलो होतो. मी म्हणालो, “भाऊ काय लयी येस वं?” काय आणतो ग तो? माझी अहिराणी चुकली असणार, कारण ती हसली. मग सांगायला लागली. पाशिंजर उशिरा येते. स्टेशनापासून घरापर्यंत तो चालत येतो, आंब्याची पाटी खांद्यावर. आई दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. पुरणाचा वास. झोका चिंचेला बांधलाय, कडुनिंबाला नाही, कडुनिंबाची फांदी मागच्या साली मोडली. पंधरा मिनिटं ती बोलत होती. यांतलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. पप्पांनाही नव्हतं. तीन वर्षं आम्ही तिच्याकडे जे नाही त्याचीच चौकशी करत होतो.

मग ती थांबली आणि तिनं विचारलं, “भाऊ उना का?”

सिनेमाच्या नावाकडे मी नंतर परत आलो. ‘अस्तु’ म्हणजे असो, असू दे. पण मराठीत या शब्दाचे दोन उपयोग आहेत. ‘तथास्तु’मधला अस्तु समोरच्याचं म्हणणं पुरं करतो. आणि जुन्या पत्रांत, निबंधांत परिच्छेदाच्या शेवटी येणारा ‘अस्तु’ विषय बंद करतो : झालं ते झालं, आता पुढचं बोलू. घराघरांत हा दुसरा अस्तु फार चालतो. ‘आता तिला काय कळतंय? असो.’ सिनेमाला पहिला अस्तु म्हणायचा आहे आणि बऱ्याचदा तो तसा म्हणतोही. पण प्रेक्षक थेटरातून दुसरा घेऊन बाहेर पडू शकतो. स्वीकार आणि सोडून देणं यांचा उच्चार एकच आहे.

आजी २०२२ च्या डिसेंबरात गेली. तोवर मी पुण्याला परतलो होतो. कंपनीनं बोलावलं आणि मी गेलो. शेवटचं वर्ष आईनं काढलं. मागच्या महिन्यात ‘अस्तु’ तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मी सगळा वेळ शास्त्रींकडे पाहिलं होतं, दुसऱ्या वेळी चन्नम्माकडे. या वेळी नजर इराकडे होती. इरा निदान लेक आहे. ज्या वडिलांना ती गमावते आहे त्यांनी तिला वाढवलं आहे. माझी आई आजीची सून. ज्या बाईनं तिला तीस वर्षांत कधी शाबासकी दिली नाही तिला ती भरवत होती. आणि ती बाई तिला रोज विचारायची, “तू कोनी शेस वं बाई?” तू कुणाची? या सुनेचा सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.

मी आईला फोनवर विचारलं, तू काय उत्तर द्यायचीस? ती म्हणाली, “काय देणार? ‘तुमचीच’ म्हणायचे. मग ती म्हणायची, बरं मग, चहा टाक.”